डब्याचे देणे

वाचकाचे पत्र : मी आणि माझी मैत्रीण अध्यापक विद्यालयापासून एकत्र आहोत. दोघींनी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आता दोन गल्ल्यांच्या अंतराने राहतो. दीड वर्षापूर्वी तिच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. ते अंथरुणाला खिळलेले आहेत आणि ती त्यांच्यापाशी. दर गुरुवारी मी काहीतरी करून डबा घेऊन जात असे. तीही इतकी व्यवस्थित, की प्रत्येक वेळी डबा भरूनच परत करायची. गेल्या महिन्यात मात्र तिने दारातच सांगितले, “आता काही आणत जाऊ नकोस गं, मला नाही जमत.” मी तशीच परत आले. माझ्या जाऊबाई म्हणतात, तिला आता कुणाची गरज उरलेली नाही. ताई, मी काही सुगरण नाही, पण हाताने काही करून द्यावे आणि तिला जरा उभारी यावी, असे मनापासून वाटते. सोपे असे काय करू? चिठ्ठीत काय लिहू? शिवणटिपण मला बऱ्यापैकी येते, आणि लेकीला सातवा महिना लागल्याने सध्या तेच चालू आहे. एक क्षुल्लक गोष्टही विचारते : सासूबाईंचे नाव घातलेला माझा स्टीलचा डबा तिच्याकडेच राहिला आहे, तो मागावा का?
– एक वाचक भगिनी, सातारा

प्रिय भगिनी,

मैत्रीण डबा भरूनच परत करायची, हे वाक्य तुम्ही तिचे कौतुक म्हणून लिहिले आहे, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला नेमके तिथेच सापडले. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करीत नाहीत. घरात काही नसले तर निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ही रीत गोड आहे, पण ती पडली तेव्हा घरात चार बायका राबत होत्या आणि चुलीवर सतत काही ना काही शिजत असे. तुमच्या मैत्रिणीच्या घरात कामाचे हात दोनच आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. त्याशिवाय औषधे, पुसणे, भरवणे, चादरी धुणे हे सारे तिलाच करावे लागत असणार. अशा घरात गुरुवारी आलेला डबा शुक्रवारी ओट्यावर घासूनपुसून उभा राहतो आणि ‘आता माझ्यात काय घालतेस?’ असे विचारू लागतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी आई शेवटची तीन वर्षे अंथरुणावर होती, तेव्हा शेजारच्या एक बाई अत्यंत मायेने दर दोन दिवसांनी काहीतरी आणून देत असत. एका रात्री दहा वाजता, आईचा डोळा लागल्यावर, त्यांचा डबा रिकामा जाऊ नये म्हणून मी शंकरपाळ्यांचे पीठ मळायला घेतले. तळता तळता मला झोप आवरेना, शेवटचा घाणा करपला आणि धुराने आई जागी झाली. त्या क्षणी मला त्या मायाळू बाईंचा जो संताप आला, त्याची आजही लाज वाटते. त्यांचा काहीच दोष नव्हता. “काकू, डबा रिकामाच परत देते हं,” एवढे वाक्य माझ्या तोंडून निघाले असते तर दोघीही सुटलो असतो, पण ते निघाले नाही. तुमच्या मैत्रिणीच्या तोंडून निदान अर्धे तरी निघाले. “मला नाही जमत” या शब्दांत तुम्ही येणे तिला जमत नाही असे कुठेही नाही. परतफेड जमत नाही, एवढेच आहे. तेव्हा जाऊबाईंचे मत ऐकून घ्यावे आणि तिथेच सोडून द्यावे.

आपल्या रीतिरिवाजांत देण्याचे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदतात. लग्नातल्या आहेराची वही असते. तिच्यात कुणी किती दिले हे लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरचे कार्य निघाले की ती वही बाहेर येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र आपण वाण ‘लुटतो’. हा शब्द मला फार आवडतो, कारण लुटलेल्या वस्तूची नोंद कुणी ठेवीत नाही. तुमचा गुरुवारचा डबा नकळत आहेराच्या वहीत जाऊन बसला होता, तो आता वाणाकडे आणायचा आहे. म्हणून तिला देणे थांबवू नका. फक्त तिच्याकडे परत करण्याजोगे भांडे जाता कामा नये. घरात साठलेल्या कॉफीच्या किंवा लोणच्याच्या काचेच्या बरण्या, पत्रावळीच्या दुकानात मिळणारे द्रोण, केळीचे पान, खाकी कागदाची पिशवी, यांतले काहीही चालेल. वर्तमानपत्राच्या पुड्या मात्र बांधू नका. छपाईची शाई खाद्यपदार्थाला लागते, आणि 2018 च्या अन्न-वेष्टनाच्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाईच केलेली आहे. खाकी पिशवीला आतून बटर पेपरचे अस्तर लावले की काम भागते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. आठ वड्या न्या, वीस नको. वीस वड्या पाहिल्यावर त्या कुठे ठेवायच्या, संपतील का, आल्यागेल्याला द्याव्यात का, असे विचार सुरू होतात. आठ वड्या चहाबरोबर दोन-तीन दिवसांत संपून जातात.

आता पदार्थांकडे वळते. तुम्ही साताऱ्याच्या आहात, तेव्हा कंदी पेढ्यांशी स्पर्धा करण्याचे काहीच कारण नाही. सुगरण नसलेल्या हातालाही यश देणारी म्हणून मी ओल्या नारळाची वडी सुचवते. दोन वाट्या खवलेला नारळ घ्यावा, खवताना करवंटीलगतचा काळपट भाग येऊ देऊ नये, म्हणजे वडी पांढरीशुभ्र दिसते. त्यात दीड वाटी साखर आणि पाव वाटी सायीसकट दूध घालून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहावे. आधी साखर विरघळून सारे पातळ होते, आणि याच वेळी नवखा माणूस घाबरून आच वाढवतो. तसे करू नये. दहा-बारा मिनिटांनी मिश्रण आळू लागते, उलथन्याला जड लागते आणि कढईच्या कडा सोडू लागते. कडेला साखरेची बारीक पांढरी रेघ दिसली की वेलचीपूड घालून, गॅस बंद करून आणखी मिनिटभर घोटावे आणि तूप लावलेल्या ताटात थापावे. वड्या कोमट असतानाच कापाव्यात. गार झाल्यावर सुरी घातली तर तुकडे पडतात. मिश्रण मऊ राहिले तर पुन्हा कढईत घालून पाच मिनिटे आटवावे, भुगा झाला तर दोन चमचे दूध शिंपडून परत गरम करावे. चुकले तरी सुधारता येते, म्हणूनच मी ही वडी सुचवते. पाकाच्या लाडवांत ही सोय नसते. ओला नारळ असल्यामुळे बाहेर तीन-चार दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि पावसाळ्यात तर थेट फ्रीजमध्येच ठेवावी.

तिखटात भडंग करावे. पाव किलो चुरमुऱ्यांनी मोठे पातेले भरते, तेव्हा निम्मे तिच्यासाठी बरणीत भरा आणि उरलेले घरी ठेवा. चुरमुरे आधी उन्हात किंवा मंद आचेवर कुरकुरीत करून घ्यावेत. अर्धी वाटी तेलात शेंगदाणे तळून काढावेत, मग पंधरा-वीस लसूणपाकळ्या सालासकट ठेचून घालाव्यात आणि त्या चांगल्या कुरकुरीत होईपर्यंत धीर धरावा. लसूण ओलसर राहिला तर दुसऱ्या दिवशी सगळे भडंग सादळते. कढीपत्ता आणि हळद घालून गॅस बंद करावा, तेल किंचित निवले की तिखट घालावे, म्हणजे ते जळत नाही. त्यावर चुरमुरे, शेंगदाणे, मीठ, चमचाभर पिठीसाखर आणि दोन चमचे मेतकूट घालून हलक्या हाताने कालवावे. घट्ट झाकणाच्या बरणीत हे पंधरा दिवस सहज टिकते. दुपारी तीन वाजता तिला मूठभर काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते आणि उठून काही करण्याचे त्राण नसते, अशा वेळी ही बरणी तिच्या हाताशी असावी.

यातले काहीही तिच्या यजमानांना भरवण्यासाठी म्हणून देऊ नका. अर्धांगवायूनंतर अनेकांना गिळायला त्रास होतो, आणि चुरमुरे, शेव, लाडू असे कोरडे, भुगा होणारे पदार्थ घशात अडकण्याची किंवा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्यांना काय चालते हे डॉक्टरांनी सांगितलेले असेल आणि ते तिला पाठ असेल, त्यामुळे आपण त्यात नवे काही घुसवू नये. तिला स्वतःला मधुमेह असेल, तर वडी बाजूला ठेवा. ‘साखर नाही, गूळ घातलाय’ ही आपली नेहमीची पळवाट इथे चालत नाही; रक्तातली साखर गुळानेही वाढतेच. अशा वेळी शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी उत्तम. ती जेवणात रोज उपयोगी पडते आणि तिखटमिठाचा अंदाज चुकला तर भाकरीबरोबर खपून जाते.

चिठ्ठीत काय लिहावे, असे तुम्ही विचारता. दिलासा देणारी वाक्ये लिहू नका, असे म्हटले तर तुम्हाला विचित्र वाटेल, पण ‘धीर धर’, ‘देव परीक्षा पाहतो’, ‘तू किती खंबीर आहेस’ ही वाक्ये दीड वर्षात तिने इतक्या जणांकडून ऐकली असतील की आता ती कानावरून निघून जात असतील. ‘खंबीर’ म्हटल्यावर तर माणसाला रडायचीही चोरी होते. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारे फुलांवरचे सुविचार याच जातीचे, तेही थांबवा. तिच्या खोलीत येत नाही ते बाहेरचे जग चिठ्ठीतून आत जाऊ द्या. कोपऱ्यावरच्या बुचाच्या झाडाखाली सकाळी फुलांचा सडा पडला होता, बाजारात हरभऱ्याची पहिली जुडी आली, भाजीवाल्याने ‘बाई’ म्हणून हाक मारली तो तुझ्या वर्गातला निघाला आणि आता त्याला चांगल्या मिशा आहेत, असे काही लिहा. दोन-तीन ओळी पुरेत. खाली ठळक अक्षरांत लिहा : ‘उत्तर नको.’ तुम्ही दोघी शिक्षिका, एकीने पत्र लिहिले की दुसरी उत्तर तपासून पाठवणार, हा धोका मला दिसतो. म्हणून ‘उत्तर नको’ विसरू नका. बरणीलाही सुतळीने चिठ्ठी बांधावी : ‘बरणी तुझीच. परत आणलीस तर घेणार नाही.’

आता तुमच्या शिवणाविषयी. आपण हाताने काहीतरी सुंदर करून तिला भेट द्यावे, हा पहिला विचार साहजिक आहे, पण शोभेची वस्तू दिली की तिला ती मांडावी लागणार, पुसावी लागणार, आणि आल्यागेल्यापाशी तिचे कौतुकही करावे लागणार. त्याऐवजी तिच्याकडेच काही मागा. लेकीला सातवा महिना आहे, म्हणजे बाळाचे दुपटे लागणारच. बाळाला नव्या कापडाची गोधडी खरखरीत लागते, म्हणून आजीच्या-मावशीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यांची दुपटी शिवण्याची आपली जुनी पद्धत आहे. तेव्हा मैत्रिणीकडे एखादी जुनी सुती साडी मागा आणि पुढेही विचारा, “यातले दहा चौकोन तू टाचून देशील का? घाई नाही.”

हे काम तिच्या दिवसात बसते, म्हणून मी आग्रहाने सांगते. रुग्णाजवळ बसलेल्या माणसाचे हात तासन्‌तास रिकामे असतात, पण मन दर दहा मिनिटांनी उठवले जाते. विणकामात टाके मोजावे लागतात, रंगकामात ब्रश वाळतो. गोधडीचा चौकोन मात्र सुई खोचून मांडीवरून खाली ठेवला तर तासाभराने तिथूनच पुढे चालू होतो. साडी गरम पाण्यात धुऊन, काठ काढून टाकून, नऊ-नऊ इंचांचे म्हणजे साधारण वीतभर चौकोन तुम्हीच कापून घ्या. तीन चौकोन एकावर एक ठेवून, कडेने टाचून, मग कडेपासून आत येत येत साधा धावदोरा घालायचा. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवले की पुरे. धावदोरा वाकडा गेला तर जाऊ द्यावा, कारण गोधडीची शोभा त्यातच असते. असे वीस चौकोन झाले, दहा तिचे आणि दहा तुमचे, की पाच ओळींत चार-चार लावून जोडायचे. प्रत्येक बाजूचा अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणून तयार दुपटे 32 इंच रुंद आणि 40 इंच लांब होते, तान्ह्या बाळाला भरपूर. मागच्या बाजूच्या शिवणी झाकण्यासाठी अखंड साडीचे अस्तर लावा. चौकोन जोडण्याचे काम यंत्रावर तुम्ही करा. तिला कापलेले चौकोन, ओवलेल्या चार सुया आणि दोऱ्याचे रीळ एका कापडी पिशवीत घालून द्या. सुया ओवलेल्याच द्या. साठीनंतर सुईत दोरा ओवणे म्हणजे काय असते, हे आपल्याला ठाऊक आहे. ती पिशवी शिवायला तुम्हाला अर्धा तास लागेल, आणि दिसायला साधी असली तरी चालेल.

दहातले चारच चौकोन झाले तर चार घ्या आणि बाकीचे तुम्ही करा. एकही झाला नाही, तर नुसती साडी मिळाली तरी दुपट्यात ती आलीच. ‘किती झाले गं?’ असे मात्र विचारू नका. ते विचारलेत की चौकोनांचाही डबा झालाच म्हणून समजा.

असेच आणखी एक मागणे आहे आणि त्याला काहीच खर्च नाही. तिच्या घरी दूध येत असणार आणि दही लागत असणार. एखाद्या संध्याकाळी वाटी घेऊन जा आणि म्हणा, “अगं, माझं विरजण आंबटढाण झालंय, जरा चमचाभर दे.” विरजण मागायला आलेल्या बाईला कुणी बस म्हणत नाही, चहाचा आग्रह करीत नाही, आणि तरीही दारात चार शब्द होतातच. दीड वर्षात तिच्या दारी प्रत्येक जण काही ना काही द्यायला आला असेल. तिच्याकडे मागायला कुणी आले, तर तिला किती बरे वाटेल, याची कल्पना करून पाहा. चमचाभर दही देताना तिला फ्रीज उघडण्यापलीकडे काही करावे लागणार नाही.

सुरुवात कशी करायची, हा प्रश्न उरतोच, कारण ती “आणू नकोस” म्हणाली आहे आणि तुम्ही दुखावून परत आला आहात. येत्या गुरुवारी काहीही करून नेऊ नका. रिकाम्या हाताने जा, दारातच उभ्या राहा आणि तुमच्या भाषेत सांगा, “तू म्हणालीस ते मला उशिरा कळलं. डबे भरून द्यायच्या भानगडीत आपण दोघीही पडायचं नाही.” यावर ती हसेल, रडेल किंवा नुसतेच ‘बरं’ म्हणेल. तिने काहीही केले तरी पाच मिनिटांच्या वर थांबू नका. विरजण त्याच्या पुढच्या आठवड्यात मागा, चौकोन त्यानंतर न्या, आणि वड्या सर्वांत शेवटी. एकाच दिवशी सगळे घेऊन धावत जाल, अशी मला धास्ती वाटते. तुमच्या पत्रावरून तुम्ही तशा वाटता, आणि मी स्वतःही तशीच आहे.

एखादा गुरुवार असाही येईल की ती दार उघडणार नाही, किंवा उघडून ‘आज नको’ म्हणेल. तेव्हा बरणी उंबऱ्याशी ठेवून परत फिरा. त्याचा अर्थ लावत बसू नका आणि जाऊबाईंना तर अजिबात सांगू नका.

राहता राहिला तुमचा डबा. तो मागू नका. सासूबाईंचे नाव घातलेला डबा हरवत नाही. पूर्वी लग्नकार्यात भांडी इकडची तिकडे होत, म्हणूनच तर त्यांवर नावे घालून घेत. तो तिच्या मांडणीवर राहू द्या. त्यावरचे नाव तिला रोज दिसेलच, त्याची वेगळी आठवण करून द्यायला नको. कधीतरी, यजमानांपाशी तासभर बसणारे कुणी मिळाले की, ती तो डबा हातात घेऊन दोन गल्ल्या ओलांडून तुमच्या दारात येईल. त्या वेळी झाकण उघडून पाहू नका. डबा तसाच ओट्यावर ठेवा आणि चहाचे आधण चढवा.